महाडचें तळें आणि म्युनिसिपालिटीचें दप्तर

म्युनिसिपालिटीचा वार्षिक रिपोर्ट आवडीनें वाचणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. आणि असा कोणी भेटलाच तर त्याचें अभिनंदन करावें कीं त्याची कींव करावी, हें ठरविणें आम्हांस अवघड जाईल. ह्या रिपोर्टांची ठेवण ठरलेली असते. आरंभीं सभासद किती, सभा किती भरल्या, त्यांपैकीं गणसंख्येच्या अभावीं किती तहकूब झाल्या, ही हकीकत. मग जमेच्या बाजूस जकात, घरपट्टी, हलालखोरपट्टी, बाजारभाडें व कोंडवाड्याचें उत्पन्न. खर्चाच्या बाजूस दिवाबत्ती, रस्ते, झाडलोट, पाणी, दवाखाना आणि प्राथमिक शाळा. शेवटीं जन्ममृत्यूंचीं आणि देवी टोंचलेल्या मुलांचीं कोष्टकें. एका सालचा रिपोर्ट वाचावा आणि आंकडे बदलून दुसऱ्या सालीं तोच छापावा, इतकें त्यांत साम्य असतें. ग्रंथसंग्रहालयांत हे खंड सहसा सर्वांत वरच्या फळीवर, म्हणजे जेथें हात पोहोंचत नाहीं तेथें, ठेवलेले आढळतात. ग्रंथपालांची ही रसिकता आम्हांस समजूं शकते.

तथापि ह्या नीरस कागदांकडे इतिहासाच्या अभ्यासकांनीं पाठ फिरवावी, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. आमच्या इतिहासलेखनाची दृष्टि किल्ले, स्वाऱ्या, तह आणि कारस्थानें ह्यांत रमली. तें स्वाभाविकहि होतें. परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांत शहरगांवीं राहणाऱ्या कुटुंबाचा राजसत्तेशीं जो रोजचा संबंध आला, तो व्हाइसरॉयसाहेबांच्या द्वारां आलेला नाहीं. तो रस्त्यावरचा कंदील, दारावरून जाणारें गटार, मुलाची शाळा आणि पिण्याचें पाणी ह्यांच्या द्वारां आला. ह्या गोष्टी कोणास मिळाल्या व कोणास मिळाल्या नाहींत, हा प्रश्न विचारला कीं रिपोर्टांतील रकाने एकदम बोलूं लागतात. आणि जे रकाने त्यांत नाहींत तेहि बोलूं लागतात. ह्याचें एक उदाहरण येथें जरा सविस्तर पाहण्याचा आमचा विचार आहे. उदाहरण कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील, महाड ह्या लहानशा शहराचें आहे. तेथील सत्याग्रहाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ती बहुधा सभामंडपाच्या बाजूनें सांगितली जाते. आम्ही ती म्युनिसिपालिटीच्या कचेरीच्या बाजूनें पाहणार आहों.

त्यापूर्वीं ही म्युनिसिपालिटी नांवाची वस्तु आमच्याकडे कशी आली तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें गांवच्या रहिवाशांनीं मागणी केल्यास म्युनिसिपालिटी स्थापण्याची सोय झाली. कर आपण होऊन मागून घेण्याची हौस लोकांस कितपत होती, हा प्रश्न बाजूस ठेवूं. मुंबई इलाख्यांत मात्र ह्या कायद्याचा पुष्कळ ठिकाणीं उपयोग झाला. १८७३ च्या कायद्यानें लोकसंख्येच्या मानानें गांवांच्या दोन प्रती ठरल्या. पुढें १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्यासंबंधींचा प्रसिद्ध ठराव निघाला, त्यावरून १८८४ चे कायदे झाले आणि लोकांनीं निवडून दिलेले सभासद सभागृहांत येऊन बसूं लागले. लोकांनीं म्हणजे कोणीं, असें मात्र लगेच विचारावें. कारण मत देण्याचा अधिकार ठराविक कर भरणाऱ्या व तत्सम ऐपतदार मंडळींपुरताच होता. ज्याच्या घरावर घरपट्टी बसण्याजोगें घरच नाहीं, त्यानें सभासद निवडावा ही कल्पना त्या काळीं कोणास सुचलेली दिसत नाहीं.

आमच्या प्रस्तुत विषयास महत्त्वाचा कायदा म्हणजे १९०१ चा, जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा. त्यांत म्युनिसिपालिटीचीं आवश्यक कर्तव्यें एका बाजूस व ऐच्छिक कर्तव्यें दुसऱ्या बाजूस अशी विभागणी केलेली आहे. रस्त्यांवर दिवे लावणें, झाडणें, आगी विझविणें, जन्ममृत्यूंची नोंद ठेवणें, देवी टोंचविणें, पाण्याचा पुरवठा करणें, दवाखाने व प्राथमिक शाळा चालविणें हीं आवश्यक. त्याच कायद्यांत म्युनिसिपालिटीच्या मालकीच्या वस्तूंची एक यादी आहे, ती आम्हांस फार मार्मिक वाटते. सार्वजनिक वेशी व बाजार, खाटिकखाने, मैल्याचे व खताचे डेपो, सार्वजनिक ओढे, तळीं, विहिरी व झरे, गटारें, गोळा केलेला केरकचरा व शेणमूत, रस्त्यांवरचे दिवे आणि खुद्द रस्ते, हीं सर्व एकाच दमांत म्युनिसिपालिटीच्या स्वाधीन केलेलीं आहेत. मैला आणि पिण्याचें पाणी ह्यांस कायद्यानें एकाच मालकाच्या हवालीं केलें. गांवानें मात्र ह्या दोन खात्यांचीं माणसें एकमेकांपासून कटाक्षानें दूर ठेवलीं. जो पहांटे उठून गांवची घाण उचलतो, मेलेलें जनावर ओढून नेतो, त्यानें त्याच म्युनिसिपालिटीच्या पाणवठ्यास हात लावूं नये, असा गांवोगांवचा दंडक होता. ह्या दंडकासाठीं कोणत्याहि रिपोर्टांत रकाना आढळावयाचा नाहीं. जें सर्वांस मान्य असतें त्याची नोंद करण्याचे श्रम कोणताहि कारकून घेत नाहीं.

पाणी हा विषय आमच्याकडे केवळ आरोग्यखात्याचा कधींच नव्हता. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजहून नळ आणून गांवांत हौद बांधले गेले. परंतु कोणत्या हौदावर कोणीं जावें हें ज्याच्या त्याच्या जातीनें ठरलेलें होतें. १८६८ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. हा हौद खासगी होता, तो ज्याचा त्यास खुला करतां आला. पुढें जोतीराव १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लिटन ह्यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याची सूचना आली, तेव्हां ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असें म्हणून विरुद्ध मत देणारे ते एकटेच सभासद निघाले. घरच्या हौदापेक्षां गांवच्या पैशावर न्यायानें चालणें किती कठीण, ह्याचा हा एक मासला होय.

आतां महाडकडे वळूं. सावित्रीच्या कांठीं, गांधारीच्या संगमाजवळ वसलेलें हें जुनें व्यापारी ठाणें. रायगड जवळच, आणि गांवापासून कोसभर अंतरावर गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं. त्या लेण्यांत भिक्षूंसाठीं डोंगर कोरून केलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. कोंकणांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि तरीहि चैत्रवैशाखांत घागरभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस टांकीं खोदणाऱ्यांची धडपड उमजेल. गांवाच्या मध्यभागीं जें विस्तीर्ण तळें आहे त्याचें नांव चवदार तळें. तें कोणीं बांधलें व केव्हां, ह्याची माहिती कोणासहि नव्हती. अडीचशें वर्षांपूर्वीं तें होतें एवढें मात्र पुढें न्यायालयांत उभयपक्षीं मान्य झालें. क्षेत्रफळ चार ते पांच एकर, पाणी मुख्यतः पावसाचें व झऱ्यांचें, कडा बांधून काढलेल्या. तळ्याच्या भोंवतीं खासगी मालकीच्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यांच्या पलीकडे चोहोंबाजूंनीं म्युनिसिपालिटीचा रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे स्पृश्य हिंदूंचीं घरें. महाडांत म्युनिसिपालिटी स्थापन झाली तेव्हां सरकारनें हें तळें तिच्या हवालीं केलें, डॉ. आंबेडकर ह्यांनीं ह्या स्थापनेचें साल १८६९ असें दिलें आहे.

ह्या तळ्याच्या पाण्याची गरज अस्पृश्यांस कां पडावी, हा प्रश्न त्या वेळीं स्पृश्य मंडळी मोठ्या साळसूदपणानें विचारीत असत. त्यांचीं घरें वेगळीं, त्यांची विहीर वेगळी, मग आमच्याच तळ्यावर कां? ह्याचें उत्तर डॉ. आंबेडकरांनीं आपल्या इंग्रजी लेखांत दिलेलें आहे, आणि तें अगदीं रोजच्या व्यवहारांतलें आहे. महाड हें बाजारपेठेचें व तालुक्याचें ठिकाण. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांस तेथें सौद्यासाठीं यावें लागे. त्यांहून विशेष म्हणजे वतनी चाकर ह्या नात्यानें गांवकामगारांचे कागद तालुक्याच्या कचेरींत पोहोंचविण्यासाठीं आणि गांवचा वसूल भरण्यासाठीं यावें लागे. म्हणजे सरकारच्याच कामासाठीं उन्हांतून चालत आलेला हा मनुष्य. बाहेरगांवच्या माणसास पाणी मिळावें असें सार्वजनिक ठिकाण तें एकच, आणि तेथें त्यास मज्जाव. महाडांतील अस्पृश्यवस्तींत एक विहीर होती खरी. पण ती गांवाच्या मध्यापासून दूर, आणि म्युनिसिपालिटीच्या दुर्लक्षामुळें गाळानें बुजून गेलेली. ‘म्युनिसिपालिटीच्या दुर्लक्षामुळें’ हे शब्द आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांत अतिशय महत्त्वाचे आहेत. धर्मशास्त्राचा वाद, रूढीचा वाद, हे सर्व पुढचे. आरंभीं विहीर उपसण्याचें एक साधें काम होतें, आणि विहिरी दुरुस्त राखणें हें ज्या संस्थेचें कामच होतें तिच्या हातून तें झालें नव्हतें.

महाड तालुक्याच्या स्थानिक स्वराज्याचा ह्यापूर्वींचाहि एक प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. महाडजवळच्या रावदूळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांतून निवृत्त झालेले गृहस्थ. १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेस शास्त्राधार काय, असा सवाल पंडितांस केला. १८९५ सालीं त्यांची महाडच्या तालुका लोकलबोर्डावर नेमणूक झाली, आणि वरच्या वर्गाच्या सभासदांत मोठी नाराजी पसरली. ज्याच्याबरोबर एका बैठकीवर बसावयाचें त्यास स्पर्शाचा हिशेब लावला तर रस्तेदुरुस्तीचा विचार कसा व्हावयाचा? स्थानिक स्वराज्य हें आमच्याकडे ‘स्थानिक’ पुष्कळ होतें, ‘स्वराज्य’ कोणाचें हा मुद्दा राहून गेला होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले अथवा चालविले जाणारे, किंवा सरकारनें नेमलेल्या वा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यवर्गांस वापरूं द्यावे, असा त्याचा आशय. ह्या ठरावांत धर्माचें नांव नाहीं, दयेचें नाहीं, माणुसकीचेंहि नाहीं. त्याचा सर्व रोख पैशावर आहे. पैसा सार्वजनिक, तर वस्तु सार्वजनिक. जमाखर्चाच्या भाषेंत मांडलेलें हें तत्त्व बोले ह्यांच्या व्यवहारचातुर्याचें द्योतक होय, असें आम्हांस वाटतें. शास्त्रीपंडितांशीं वाद घालण्यास जन्म पुरत नाहीं. जमाखर्चाशीं वाद घालणें त्या मानानें अवघड. सरकारनें सप्टेंबरांत हा ठराव सर्व खात्यांकडे व कचेऱ्यांकडे धाडला.

असले सरकारी कागद म्युनिसिपालिट्यांच्या कचेऱ्यांत येतात, त्यांवर आवकनंबर पडतो आणि ते फायलींत निजतात. महाडांत तसें झालें नाहीं. १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें तळें अस्पृश्यांस खुलें केल्याचा ठराव केला. लहानशा गांवांतल्या सभासदांनीं, ज्यांचीं घरेंदारें, दुकानें आणि सोयरिकी त्याच गांवांत, असा ठराव लिहावा हें थोडें नव्हे. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस ह्यांचें नांव ह्या संबंधांत आदरानें घेतलें पाहिजे. पुढें सत्याग्रहाच्या प्रसंगीं ते उघडपणें आंबेडकरांच्या बाजूस उभे राहिले.

परंतु ठराव अमलांत आला नाहीं. दिवाबत्तीचा ठराव झाला तर त्यामागून तेल येतें, शिडी येते, दिवे लावणारा येतो. शाळेचा ठराव झाला तर मास्तर येतो. तळें खुलें केल्याच्या ठरावामागून कांहींच आलें नाहीं. ह्या ठरावास खर्च एक पैचाहि नव्हता, आणि म्हणूनच कीं काय, त्याची अंमलबजावणी करणारें खातेंहि नव्हतें. स्पृश्यांच्या विरोधापुढें कोणी अस्पृश्य घागर घेऊन पायऱ्या उतरला नाहीं, आणि तीन वर्षें तो ठराव दप्तरांत पडून राहिला. अशी उदासीनता एकट्या महाडांतच होती असें नव्हे. १९२६ च्या ऑगस्टांत बोले ह्यांस कौन्सिलांत दुसरा ठराव आणावा लागला, कीं ज्या म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डें पहिला ठराव अमलांत आणणार नाहींत त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये. दुखणें ओळखून औषध शोधलेलें होतें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडांत कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. खेड्यापाड्यांतून हजारों माणसें आलीं. त्यांत पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सर्व वयाचीं माणसें होतीं. ह्या लोकांसाठीं पाणी कोठून आणावयाचें? ज्या गांवच्या तळ्यावर त्यांचा लेखी हक्क तीन वर्षांपूर्वींच मान्य झाला होता, त्या गांवांत परिषदेच्या चालकांस स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. १९२७ सालचे चाळीस रुपये! आंकड्यांची आवड असणाऱ्या आमच्या रिपोर्टकारांस हा आंकडा पाणीखात्याच्या सदरांत घालावयास हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अनंत विनायक चित्रे ह्यांच्या सूचनेवरून सर्व समुदाय रांगेनें, शिस्तीनें गांवांतून तळ्याकडे निघाला. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले, त्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें व प्यायले. मागून इतरांनींहि तेंच केलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती पुष्कळदां विसरली जाते. त्या दिवशीं कोणताहि कायदा मोडला गेला नाहीं. मिठाच्या सत्याग्रहांत कायदा होता आणि तो जाणूनबुजून मोडावयाचा होता. महाडास जें झालें तें नेमकें उलट. म्युनिसिपालिटीनें सभेंत संमत केलेला, रीतसर नोंदलेला ठराव ती स्वतः अमलांत आणीना, तेव्हां तो लोकांनीं आपल्या पायांनीं अमलांत आणला. बेकायदा वर्तन झालें तें त्यानंतर, दोन तासांनीं. वीरेश्वराच्या देवळांत शिरण्याचा ह्या लोकांचा बेत आहे अशी आवई उठली, आणि स्पृश्यांच्या जमावानें मंडपांत जेवणाऱ्या व परतीच्या वाटेस लागलेल्या लोकांवर हल्ला केला. कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. मग तळ्याची शुद्धि झाली. एकशें आठ मातीच्या घागरींत दहीं, दूध, शेण व गोमूत्र घालून त्या मंत्रघोषांत तळ्यांत बुडविण्यांत आल्या. सार्वजनिक पाणी दूषित करूं नये हा आरोग्यखात्याचा पहिला नियम. तो त्या दिवशीं कोणास आठवला असेल असें वाटत नाहीं.

ह्यानंतर म्युनिसिपालिटीनें जें केलें तें ह्या प्रकरणाचें मर्म आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं तिनें १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले ह्यांच्या ठरावास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. हा योगायोग होय, परंतु दप्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तो सलल्याशिवाय राहत नाहीं. कित्येक विद्वान् गृहस्थ म्हणतात, कीं १९२४ चा ठराव हा केवळ कागदी देखावा होता, त्यास महत्त्व देऊं नये. आमचें मत निराळें आहे. मेलेला ठराव रद्द करण्यासाठीं कोणी सभा बोलावीत नाहीं. तीन वर्षें निपचित पडलेला तो कागद २० मार्चनंतर जिवंत झाला, आणि जिवंत झाला म्हणूनच त्याचा बंदोबस्त करणें प्रतिपक्षास भाग पडलें. लोकांनीं अंमल केला आणि सभेनें अंमल मागें घेतला, हा क्रम नीट ध्यानांत घ्यावा. म्युनिसिपालिटीचे सभासद जोंवर केवळ तत्त्व नोंदवीत होते तोंवर ते उदार होते. मतदार दाराशीं येऊन उभे राहिले तेव्हां तें औदार्य टिकलें नाहीं. सभासदांस सरसकट भित्रे म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्यांस तळ्याची गरज होती त्यांस मत नव्हतें, आणि ज्यांस मत होतें त्यांच्या घराच्या खिडक्या तळ्यावर उघडत होत्या. निवडणुकीच्या पायावर उभारलेल्या संस्थेपासून अशा स्थितींत दुसरें काय निष्पन्न व्हावें?

डॉ. आंबेडकरांनीं ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ हें पत्र सुरू केलेंच होतें. ठराव रद्द झाल्यावर डिसेंबरांत पुन्हां महाडांत सत्याग्रह करण्याचें त्यांनीं जाहीर केलें. तेव्हां महाडच्या कांहीं स्पृश्य रहिवाशांनीं दिवाणी न्यायालयांत धांव घेतली. आंबेडकर व त्यांचे सहकारी ह्यांस प्रतिवादी करून त्यांनीं असें मागणें केलें, कीं हें तळें आमच्या वहिवाटीचें व खासगी स्वरूपाचें आहे, अस्पृश्यांस त्यावर येण्याचा हक्क नाहीं. १४ डिसेंबरास तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. २५ डिसेंबरास परिषद भरली. त्याच रात्रीं मनुस्मृतीची एक प्रत जाळण्यांत आली. तळ्यासंबंधीं मात्र, न्यायालयाचा हुकूम असल्यानें, पाण्यास हात न लावतां समुदाय तळ्याभोंवतीं मिरवणुकीनें फिरून परतला. ज्यांच्यावर गुंडगिरीचा आरोप केला जात होता त्यांनीं एका कागदी हुकुमाचा इतका मान राखावा, आणि ज्या संस्थेनें स्वतः ठराव लिहिला तिनें स्वतःच्या लेखाचा तितकाहि मान राखूं नये, ही तुलना आम्हीं मुद्दाम करीत नाहीं. ती आपोआप होते.

१९२८ च्या फेब्रुवारींत मनाईहुकूम उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. १९३१ त पहिल्या न्यायालयाचा निकाल, १९३३ त ठाण्यास अपिलाचा निकाल, आणि मग हायकोर्ट. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ह्या खटल्यांतील मौज अशी, कीं रोजच्या नित्यनैमित्तिक कामाची जी बाब कोणी वाचीत नाहीं, तीच येथें वादाच्या ऐन मध्यभागीं आली. तळें कोणाचें? वादी म्हणत, आमचें. न्यायालयांनीं निर्वाळा दिला कीं तें म्युनिसिपालिटीचें. म्हणजे १९०१ च्या कायद्यांतील ती यादी, जींत तळीं, दिवे आणि केरकचरा एका रांगेंत बसविले आहेत, ती काव्यशास्त्राच्या दृष्टीनें कितीहि ओबडधोबड असली तरी कामाची होती. मालकीचा प्रश्न सुटल्यावर वादींच्या हातीं रूढी तेवढी उरली. परंतु रूढीच्या कायद्यांत ती अनादि कालापासून अखंड चालत आली असें सिद्ध करावें लागतें, आणि तें त्यांस करतां आलें नाहीं. अस्पृश्य लोक पुष्कळ वर्षें तळ्यावर आले नव्हते हें खरें. पण न येणें म्हणजे येण्याचा हक्क नसणें नव्हे. शिवाय मुसलमान मंडळी त्या तळ्याचें पाणी वापरीत होतीच, त्यामुळें देवळाच्या गाभाऱ्याची उपमा तळ्यास लागू पडेना.

हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं न्यायमूर्ति ब्रूमफील्ड ह्यांनीं दिला. १९२२ सालीं अहमदाबादेस गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. वादींचें अपील फेटाळलें गेलें. तळ्याचें पाणी प्यायल्यास दहा वर्षें पुरीं होण्यास तीन दिवस कमी होते. विहीर उपसण्यास किती दिवस लागतात ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

बोले ह्यांच्या ठरावांतील ‘सार्वजनिक पैशानें चालविलेलीं’ ही शब्दयोजना मात्र तेथें संपली नाहीं. कौन्सिलांतून ती सरकारी परिपत्रकांत गेली आणि तिच्याच आधारें महाडचा ठराव झाला. घटनासमितीनें मसुदासमिति नेमली, तेव्हां तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणाहि नागरिकास ज्या ठिकाणीं मज्जाव करतां येणार नाहीं, त्यांची गणना केलेली आहे. तींत दुकानें, उपाहारगृहें वगैरेंच्या नंतर, राज्याच्या पैशानें पूर्णतः वा अंशतः चालविलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठीं अर्पण केलेल्या विहिरी, तळीं व स्नानाचे घाट येतात. म्युनिसिपल कायद्याचीं कलमें ज्यांच्या वाचण्यांत आहेत त्यांस ही भाषा ओळखीची वाटेल. घाटांच्या लगेच पुढचा शब्द रस्ते हा आहे.